दिवाळीला किती दिवस? खिडकी उघडा आणि बघा!

नवरात्र संपतं. चांदवडच्या रेणुकामातेच्या डोंगरावरची गर्दी ओसरते, महामार्गाच्या कडेची खेळण्यांची नि प्रसादाची दुकानं हळूहळू आवरली जातात. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवसापासून घराघरात एक प्रश्न सुरू होतो, “आई, दिवाळीला किती दिवस राहिले?” सकाळी दात घासताना विचारतात, शाळेतून आल्यावर विचारतात, रात्री झोपताना तर हमखास. आपण पोळी लाटता लाटता सांगतो, “आहेत अजून खूप.” खूप म्हणजे किती, हे काही त्या जिवाला कळत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते नीट मोजलेलं नसतं. मग वसुबारस दोन दिवसांवर येते, भाजणी गिरणीत गेलेली नसते, माळा झाडलेला नसतो आणि सगळा सण एकटीच्या अंगावर येऊन पडतो.

मैत्रिणींनो, यावर एक साधा, स्वस्त आणि मजेचा उपाय आहे. कागदाचं दिवस मोजायचं कॅलेंडर! एक पुठ्ठा, त्याला पंधरा खिडक्या. रोज एक खिडकी उघडायची. आत एक चित्र, एखादं छोटंसं काम नाहीतर एखादी गंमत. शेवटी मोठा दरवाजा उघडला की वसुबारस! मुलांना दिवस डोळ्यांनी दिसतात आणि आपली कामं पंधरा दिवसांत आपोआप वाटली जातात.

कल्पना कुठली?

अशी कॅलेंडरं मूळची जर्मनीतली. तिथे नाताळच्या आधीचे चोवीस दिवस मोजायची जुनी रीत आहे. पूर्वी काही घरांतून दारावर खडूने चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक रेघ पुसत. गेरहार्ड लांग नावाच्या मुलाच्या आईने एका पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटं लावून दिली होती, रोज एक खायचं. हाच मुलगा पुढे म्युनिक शहरात छपाईच्या धंद्यात पडला आणि त्याने १९०८ च्या सुमारास अशी कॅलेंडरं छापून विकायला सुरुवात केली. उघडझाप करणाऱ्या छोट्या खिडक्या आल्या त्या त्यानंतर, १९२० च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि छपाई थांबली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये श्टुटगार्टच्या रिखार्ड झेल्मर यांनी ती पुन्हा सुरू केली. आता तर जगभर ही कॅलेंडरं मिळतात. पण मुळात काय? एका आईने पुठ्ठ्यावर लावलेला खाऊ!

आणि आपल्याकडे हे नाही असं कुणी म्हणावं? भोंडला आठवा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकेक वाढवत न्यायचं. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, “गोड की तिखट?” म्हणून विचारायचं. आपला चांदवड तालुका खानदेशाच्या उंबरठ्यावर. तिकडून सून होऊन आलेल्या मैत्रिणींना भुलाबाईही ठाऊक असेल. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर रोज गाणी आणि रोज खाऊ ओळखणं. म्हणजे दिवस मोजणं आणि झाकलेलं काय ते ओळखणं, या दोन्ही गोष्टी आपल्या मुली पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. आपण फक्त ते कागदावर आणायचं आणि त्यात मुलग्यांनाही सामील करून घ्यायचं!

आधी दिवस मोजा

कात्री हातात घेण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं, तेव्हापासून तिथी बघायला आपल्याला पंचांग उलगडावं लागत नाही. दसऱ्याचा दुसरा दिवस ते वसुबारसेचा आदला दिवस, एवढे दिवस मोजायचे. दर वर्षी ते सारखेच येतील असं नाही, कारण तिथीची वाढ होते, क्षयही होतो. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि वसुबारस २८ ला, म्हणजे मधले दिवस पंधरा. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आणि वसुबारस १७ ला, म्हणजे मधले दिवस चौदाच. म्हणून खिडक्या पंधरा करून ठेवायच्या. एखादा दिवस कमी पडला तर पंधराव्या खिडकीवर नुसतं फूल काढायचं, ती उघडायची नाही.

आकडे मात्र उलटे घालायचे बरं का. पहिल्या दिवशी १५, मग १४, मग १३... खिडकीवरचा आकडा म्हणजे वसुबारसेला राहिलेले दिवस. पहिलीतल्या मुलाला उलटी उजळणी यापेक्षा चांगली कशी शिकवणार?

कसं करायचं हे कॅलेंडर?

आपल्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरची रंगीत चित्रं. अहिल्याबाईंच्या आठवणी जागवणारी ही वास्तू आपल्या गावात असताना परदेशी घरांची चित्रं कशाला काढायची? आपलं कॅलेंडर वाड्याच्याच आकाराचं करू या. वर गच्ची, मध्ये खिडक्यांच्या पाच रांगा, खाली दिंडीदरवाजा.

साहित्य : जाड कार्डशीटचे दोन तुकडे, प्रत्येकी ३० सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच (साडीच्या किंवा शर्टाच्या खोक्यातला गुळगुळीत पुठ्ठाही चालेल, पण फार जाड नको, दुमडला पाहिजे). पट्टी, पेन्सिल, ब्लेड किंवा कटर, रिफिल संपलेलं बॉलपेन, एक टाचणी, फेविकॉल, रंग, जुन्या लग्नपत्रिका, टिकल्यांचं पाकीट आणि टांगायला लोकर. टिकल्या कशाला, ते पुढे कळेलच!

कृती :

१. एक पुठ्ठा समोरचा, एक मागचा. समोरच्या पुठ्ठ्यावर वरून ६ सेंटीमीटर जागा गच्चीसाठी सोडा. त्याखाली खिडक्यांच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत तीन खिडक्या. एक खिडकी ५ सेंटीमीटर रुंद, ४ सेंटीमीटर उंच. दोन्ही कडांना साडेचार सेंटीमीटर मोकळं सोडा, शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत ३ सेंटीमीटर आणि वरखालच्या दोन रांगांत १ सेंटीमीटर अंतर ठेवा.

२. शेवटच्या रांगेखाली दीड सेंटीमीटर सोडून मधोमध मोठा दरवाजा आखा, ६ सेंटीमीटर रुंद, ७ सेंटीमीटर उंच. त्याच्या बरोबर मध्ये एक उभी रेघ मारा, म्हणजे दोन फळ्या होतील.

३. गच्चीच्या जागेत आणखी एक छोटी खिडकी आखा, ३ सेंटीमीटरची चौकोनी. हिच्यावर आकडा घालायचा नाही. ही कशासाठी, ते खाली सविस्तर सांगते.

४. आता समोरचा पुठ्ठा मागच्यावर नेमका बसवा आणि प्रत्येक खिडकीच्या चारही कोपऱ्यांत टाचणी टोचा. मागच्या पुठ्ठ्यावर ठिपके उमटतील. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ते पेन्सिलीने जोडले की कुठल्या खिडकीमागे काय काढायचं, ते अचूक कळतं.

५. समोरचा पुठ्ठा जुन्या मासिकांच्या जाड गठ्ठ्यावर ठेवून खिडक्या कापा. प्रत्येक खिडकीची वरची, खालची आणि उजवी बाजू कापायची. डावी बाजू कापायची नाही, तिच्यावर पट्टी ठेवून रिकामं बॉलपेन दाबून ओढायचं. खाच पडते आणि खिडकी सुरेख दुमडते. मोठ्या दरवाजाची वरची, खालची बाजू आणि मधली रेघ कापायची, दोन्ही कडांना खाच पाडायची. ब्लेडचं हे काम मोठ्यांनीच करायचं. मुलांना तोवर रंग द्या.

६. मागच्या पुठ्ठ्यावर आखलेल्या चौकोनांत चित्रं काढा, चिठ्ठ्या लिहा. जुन्या लग्नपत्रिकांवरचे गणपती, कलश, मोर, सोनेरी वेलबुट्टी कापून चिकटवली तर काय शोभा येते! एरवी या पत्रिका टाकवत नाहीत आणि ठेवूनही उपयोग नसतो. त्यांचं सोनं होतं.

७. मागच्या पुठ्ठ्याच्या फक्त मोकळ्या जागेवर, चौकोनांच्या कडेपासून थोडं लांब, फेविकॉलचा पातळ हात द्या. चौकोनात फेविकॉल गेला तर खिडकी चिकटून बसेल. दोन्ही पुठ्ठे जोडा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. घरची खळ वापरू नका, तिच्यावर झुरळं येतात.

८. सकाळी खिडक्यांवर आकडे घाला. पंधरा आकडे ओळीने न घालता इकडेतिकडे घातले तर रोज शोधायला मजा येते. आणि प्रत्येक खिडकी एका टिकलीने बंद करा! अर्धी टिकली खिडकीवर, अर्धी भिंतीवर. उघडताना पुठ्ठा फाटत नाही आणि वाडा कसा नटल्यासारखा दिसतो. वर दोन भोकं पाडून लोकर ओवली की झालं कॅलेंडर तयार.

खर्च म्हणाल तर पुठ्ठ्याचा आणि थोड्या फेविकॉलचा. बाकी सगळं घरातलंच.

काडेपेट्यांचं फडताळ

मुलं अगदी लहान असतील, त्यांना हातात काहीतरी मिळायलाच हवं असेल तर पंधरा रिकाम्या काडेपेट्या जमवा. पाचपाचच्या तीन चळती एकमेकींना चिकटवा, बाहेरून रंगीत कागद लावा. काड्या ओढायच्या खरखरीत पट्ट्याही कागदाखाली झाकल्या जातील असं बघा. प्रत्येक खणाला शर्टाचं जुनं बटण दोऱ्याने ओवून कडी करा. झालं चिमुकलं फडताळ! आत दोन मनुका, एक बत्तासा, एखादा मणी, एक चिंचोका मावतो. खाऊ मात्र कागदात गुंडाळूनच ठेवा, काडेपेटीतली भुकटी त्याला लागायला नको. आणि मुंग्यांचा विचार करून तो आदल्या रात्रीच ठेवावा, पंधरा दिवसांचा एकदम भरू नये.

खिडकीत काय लिहायचं?

इथेच खरी गोम आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या कॅलेंडरात रोज चॉकलेट असतं. आपल्याला ते परवडणारही नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्या भागात दिवाळीचा हात किती सैल सोडायचा, हे बऱ्याच घरांत चाळीतल्या उन्हाळ कांद्यावर ठरतं. दिवाळीत बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस बंद राहतात, म्हणून त्याआधी कांदा काढायची घाई असते आणि नेमका तेव्हा भाव पडला तर घरातलं वातावरणच बदलतं. अशा वेळी मुलांना रोज विकतची वस्तू दाखवायची सवय लावून आपणच पेचात पडायचं नाही. खिडकीत वस्तू नको, दिवस हवा. त्या दिवशी काय करायचं, ते हवं.

आणि दिवाळीची कितीतरी कामं अशी आहेत की ती मागून मोजतच करावी लागतात. अनारसे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कोरडे करून कुटायचे, गूळ घालून गोळा मुरायला ठेवायचा. शेवटच्या दोन दिवसांत आठवलं तर अनारसे व्हायचेच नाहीत. किल्ल्याचंही तसंच. मातीत अळीव, मोहरी पेरली तर ती दिवाळीत हिरवी दिसायला पाच-सहा दिवस आधी पेरायला हवी. म्हणजे तारीख महत्त्वाची आणि ती लक्षात ठेवायला खिडकीसारखी दुसरी सोय नाही.

नमुन्यादाखल ही एक यादी. आपापल्या घराप्रमाणे बदल करा :

१५ – आपली न लागणारी पण धड असलेली खेळणी, पुस्तकं बाजूला काढ. ती कुणाला द्यायची, ते तूच ठरव.
१४ – माळ्यावरचे डबे बाबा काढतील, तू पुसून दे.
१३ – चकलीची भाजणी आज भाजायची. डाळ-तांदूळ मोजून देणं तुझं काम. (गिरणीत अजून गर्दी नाही!)
१२ – अनारशाचे तांदूळ आज भिजत घालायचे. तीन दिवस पाणी बदलायला विसरायचं नाही.
११ – आजीला विचार, तिच्या लहानपणी दिवाळीला काय काय असायचं. रात्री सगळ्यांना सांग.
१० – जळमटं काढायचा दिवस. झाडू बाबांच्या हातात.
९ – तांदूळ उपसले का बघ. आज गूळ किसायचा.
८ – किल्ल्यासाठी माती, दगड आण. कुठला किल्ला करायचा? समोरचा चांदवडचा, की इंद्राई, की राजदेहेर?
७ – आकाशकंदिलाच्या काड्या आणि कागद. दादा सांगाडा करेल, ताई कागद लावेल.
६ – किल्ल्यावर अळीव पेर. रोज हलकं पाणी शिंपड.
५ – आज आई संध्याकाळी एक तास काहीही करणार नाही. चहा तिला जागेवर मिळेल.
४ – पाठकोऱ्या कागदावर ठिपक्यांची रांगोळी काढून बघ.
३ – शंकरपाळे कातायला सगळे हात हवेत. बाबांचेसुद्धा!
२ – दूर असलेल्या कुणाला तरी स्वतःच्या अक्षरात दोन ओळींचं पत्र.
१ – पणत्या पाण्यात भिजत घाल. भिजवून वाळवल्या की त्या तेल कमी पितात.

मोठा दरवाजा – वसुबारस! आत गाय-वासराचं चित्र.

या दिवसांत बऱ्याच शाळांची सहामाही परीक्षाही असते, हे विसरू नका. वेळापत्रक बघूनच चिठ्ठ्या लिहा. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी माती आणायला पाठवलंत तर किल्ला होईल, गणित राहील! त्या दिवसांच्या खिडकीत नुसता पेढ्याचा तुकडा किंवा “आज गोष्ट ऐकत झोप” एवढंच पुरे.

पाच नंबरची खिडकी आणि झाडू

वरची यादी वाचून काही जणींना हसू आलं असेल. “बाबा जळमटं काढणार? आमच्याकडे?” नेमकं म्हणूनच ते लिहायचं. तोंडाने सांगितलं की कटकट होते. तेच खिडकीतून निघालं आणि लेकराने वाचून दाखवलं की नाही म्हणणं अवघड जातं. दिवाळी घरादाराची आणि कंबर मात्र एकटीची मोडते, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. फराळाचं कौतुक सगळे करतात, पण रात्री बारा वाजता कढईजवळ कोण उभं असतं? पंधरा दिवसांची कामं भिंतीवर मांडली की निदान घराला ती दिसतात. दिसली की वाटता येतात.

एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी. हे कॅलेंडर म्हणजे आईच्याच कामांची आणखी एक यादी होऊ देऊ नका. पंधरापैकी पाच खिडक्यांत काम, पाच खिडक्यांत मजा आणि उरलेल्या पाच खिडक्यांत दुसऱ्यासाठी काहीतरी, असं साधारण गणित ठेवा. चिठ्ठ्यासुद्धा तुम्ही एकटीने लिहू नका. तीन मुलांनी, तीन बाबांनी, दोन आजीने लिहिल्या तर तुम्हालाही रोज सकाळी उत्सुकता राहील. आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी झाकून ठेवलंय, हे सुख आपल्या वाट्याला तसं कमीच येतं, नाही का?

गच्चीवरची बिनआकड्याची खिडकी

आता त्या छोट्या खिडकीबद्दल. दिवाळीची वाट बघणं म्हणजे पुष्कळ घरांत कुणाची तरी वाट बघणं असतं. कुणाचे बाबा सीमेवर आहेत, कुणाचे ट्रक घेऊन आग्रा रोडने कुठल्या कुठे गेलेले असतात, कुणाची ताई पुण्याला शिकते, कुणाचा भाऊ कंपनीत शिफ्टमध्ये आहे. एसटीचे चालक-वाहक, पोलीस, दवाखान्यातल्या सिस्टर यांची तर कित्येकदा ऐन सणाच्या दिवशी ड्यूटी असते.

अशा घरात आई हौसेने शेवटच्या खिडकीत लिहिते, “आज बाबा येणार!” लेकरू पंधरा दिवस त्या आकड्याकडे बघत राहतं. आणि रजा रद्द होते, गाडी कुठे तरी अडकते, खाडा भरायला माणूस मिळत नाही. मग मोठा दरवाजा उघडतो, आत बाबांचं चित्र असतं आणि दारात मात्र बाबा नसतात. मोठ्यांना कारण कळतं. पाच वर्षांच्या पोराला कारण कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आकडा खोटा निघाला.

म्हणून जे आपल्या हातात नाही, त्यावर आकडा घालायचा नाही. सणाची तारीख पक्की असते, माणसाची नसते. येणाऱ्या माणसाची खिडकी वेगळी, गच्चीवर, बिनआकड्याची. तिच्यावर टिकली जरा मोठी लावा. मुलाला आधीच सांगा, “ही खिडकी बाबा आले की तेच उघडतील. दिवाळीआधी येवोत, दिवाळीत येवोत की तुळशीच्या लग्नाला.” दिवाळी होऊन गेली तरी कॅलेंडर भिंतीवरून काढायचं नाही, ती खिडकी उघडेपर्यंत ते तसंच राहू द्यायचं. वाट बघणं थांबत नाही, पण लेकराचा विश्वास मोडत नाही. आणि आत काय लिहायचं? ते मुलालाच लिहू दे. तुम्ही वाचूसुद्धा नका.

ही खिडकी तुमच्यासाठीही असू शकते बरं का. भाऊबीजेला भाऊ नक्की येईल की फोनवरच भागवेल, याची वाट मनातल्या मनात आपणही बघतोच ना?

ज्या घरात यंदा दिवाळी नाही

ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलंय, तिथे फराळाला कढई चढत नाही. शेजारपाजारचे, नातेवाईक डबे आणून देतात, ही आपल्याकडची फार शहाणी रीत आहे. पण त्या घरातली मुलंही दिवस मोजत असतात आणि मोजू का, हे विचारायला घाबरत असतात. अशा घरात कॅलेंडर करूच नये असं नाही. कंदील, फटाके नकोत, पण पंधरा खिडक्यांत गेलेल्या आजोबांच्या पंधरा आठवणी लिहिता येतात. त्यांना काय आवडायचं, ते कुणाला काय म्हणून हाक मारायचे, त्यांची छत्री कुठे टांगलेली असायची. रोज एक आठवण वाचायची. मुलांना बोलायला वाट मिळते, मोठ्यांना रडायला.

आणि ज्यांच्या घरी दिवाळी आहे, त्यांनी आपल्या कॅलेंडरात एक खिडकी अशी ठेवावी : “आज शेजारच्या काकूंकडे फराळाचा डबा घेऊन जायचं.” डबा मुलानेच न्यायचा. सण आपल्या उंबरठ्याबाहेरही असतो, हे त्याला तिथे कळेल.

दिवाळीच कशाला?

एकदा हात बसला की हे कॅलेंडर कशासाठीही करता येतं. गणपतीच्या आधीचे दहा दिवस, मामाच्या गावाला जायच्या आधीचा आठवडा, दहावीच्या परीक्षेआधीचा महिना (त्यात रोज एक धडा आणि रोज एक विनोद!). आपल्या ओळखीत ख्रिस्ती कुटुंब असेल तर १ डिसेंबरपासून चोवीस खिडक्यांचं कॅलेंडर करून त्यांच्या मुलांना भेट द्या. त्यांच्या घरी करंजीसोबत केक खाताना आपल्या मुलांनाही गंमत वाटेल.

सण संपला की वाडा फेकू नका. टिकल्या बदलल्या आणि खिडक्यांच्या आतल्या बाजूला नवे कागद चिकटवले की पुढच्या वर्षी तोच वाडा पुन्हा उभा राहतो. चिठ्ठ्या मात्र एका पाकिटात घालून, वर साल घालून ठेवून द्या. दहा वर्षांनी ते पाकीट उघडलंत की मुलाचं पहिलीतलं वेडंवाकडं अक्षर आणि सासूबाईंच्या हातच्या दोन ओळी सापडतील.

तर मग, यंदा दसऱ्याच्या सुटीत दुपारी टीव्ही बंद करा, पत्रिकांचा गठ्ठा खाली काढा आणि सगळे मिळून बसा. एका दुपारचं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी विचारलंच, “दिवाळीला किती दिवस?” तर पोळी लाटता लाटता एवढंच सांगायचं, “जा, तूच बघून ये!”